एका रेघेवरची दोन कापूसगावं

पैनगंगेच्या दक्षिणेला, यवतमाळ जिल्ह्याला खेटून असलेलं आदिलाबाद. अक्षांश साधारण १९.६७ उत्तर, रेखांश ७८.५३ पूर्व. पृथ्वीचा गोल घरात असेल तर या गावावर बोट ठेवा आणि रेखांशाची रेघ न सोडता सरळ उत्तरेकडे सरकत जा. वर्धा, झाशी, कोटद्वार, टिहरी ही गावं रेघेवर किंवा तिच्या दहा किलोमीटरच्या आत लागतात. मग हिमालय, पश्चिम तिबेट, तक्लामकानचं वाळवंट, इसिक-कुल सरोवराचं पूर्वेकडचं टोक, सैबेरियातली दलदल, कारा समुद्र आणि शेवटी उत्तर ध्रुव. शाळेच्या नकाशात इथे कागद संपतो, त्यामुळे आपलं बोटही इथेच थांबायला शिकलेलं असतं. गोलावर मात्र रेघ पुढे जाते आणि ध्रुवापलीकडे १०१.४७ पश्चिम असा नवा क्रमांक घेऊन खाली उतरू लागते. कॅनडाची उत्तरेकडची बेटं, मॅनिटोबा आणि सस्कॅचेवान या प्रांतांच्या सीमेचा परिसर, नॉर्थ डकोटा, नेब्रास्का, कॅन्सस आणि मग टेक्सासचं सपाट पठार. तिथे या रेघेपासून तीस-पस्तीस किलोमीटरवर लबक नावाचं शहर आहे.

लबकच्या आसपास कापूस पिकतो. थोडाथोडका नाही; अमेरिकेतला कापसाचा सर्वांत मोठा सलग पट्टा तोच. आणि आदिलाबादची ओळख काय, तर काळी कसदार जमीन आणि दिवाळीच्या सुमारास बाजार समितीच्या आवारात लागणाऱ्या कापसाच्या गाड्यांच्या रांगा. लबकला पाऊस आदिलाबादच्या निम्म्याहूनही कमी; तिथे जमिनीखालचं पाणी उपसून शेती होते आणि वेचणी यंत्रं करतात. आदिलाबादकडे कापूस पावसावर येतो आणि बायका तो हाताने वेचतात. बाकी फरक पुष्कळ आहेत, पण एकाच रेघेची दोन टोकं इतकी सारखी निघावीत हा योगायोग मला सोडवत नाही. म्हणून या प्रकरणात दोन विमानतळांमधलं अंतर मोजायचं तर हेच दोन विमानतळ घेऊ. आदिलाबादला विमानतळ आहे का, असा प्रश्न तिथले वाचक लगेच विचारतील. त्याकडे शेवटी येऊ.

ही जोडी निवडण्यात थोडी लबाडीही आहे. गोलावरच्या कुठल्याही दोन ठिकाणांमधलं अंतर काढायचं तर साइन-कोसाइनची आकडेमोड करावी लागते. जुने दर्यावर्दी त्यासाठी कोष्टकांची जाडजूड पुस्तकं बाळगत. पण दोन्ही गावं एकाच रेघेच्या दोन टोकांवर असली की गणित सातवीतलं होतं. ध्रुवाचा अक्षांश ९०. त्यातून आदिलाबादचे १९.६७ वजा केले की उरतात ७०.३३ अंश. लबक विमानतळाचे ३३.६६ वजा केले की ५६.३४. बेरीज १२६.६७ अंश. एक अंश म्हणजे सरासरी १११.२ किलोमीटर. गुणाकार केला की उत्तर येतं सुमारे १४,०८५ किलोमीटर.

आता भिंतीवरचा नेहमीचा चौकोनी नकाशा घ्या. त्यावर आदिलाबाद आणि लबक पट्टीने जोडलं तर रेघ अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर भाग आणि अटलांटिक असं करत पश्चिमेकडे जाते. दिसायला हीच सरळ वाट. पण ही वाट प्रत्यक्षात जवळजवळ १८,००० किलोमीटर भरते, म्हणजे ध्रुवावरच्या वाटेपेक्षा चार हजारांच्या आसपास जास्त. गोल पृथ्वी कागदावर सपाट पसरायची तर ती कुठे ना कुठे ताणावी लागते, आणि या नकाशात तो ताण सगळा ध्रुवांकडे ढकललेला असतो. ज्या ध्रुवापाशी सगळे रेखांश एका बिंदूत मिळतात, तो बिंदू नकाशावर भिंतभर लांब होतो. गोलावर दोऱ्याचं एक टोक आदिलाबादला, दुसरं लबकला धरून दोरा घट्ट ओढा. तो आपोआप सरकून ध्रुवावर जाऊन बसेल. दोन ठिकाणांमधली गोलावरची सर्वांत जवळची वाट ती हीच. तिला महावृत्त म्हणतात आणि विमानतळांमधलं अंतर म्हणून जो आकडा छापला जातो तो याच वाटेचा असतो.

याच वाटेवर एक मौज आहे. आदिलाबादहून निघालेलं विमान सात हजार आठशे किलोमीटर निव्वळ उत्तरेला जात राहील. मग ध्रुव येईल आणि पुढच्या क्षणापासून तेच विमान, एक अंशही न वळता, दक्षिणेला जाऊ लागेल.

आता १४,०८५ या आकड्यातली चूक. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांपाशी जराशी दबलेली आहे. विषुववृत्ताजवळची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाकडची ६,३५७. हा फरक धरून हिशेब केला की आदिलाबाद ते लबक १४,१०२ किलोमीटर येतं. सतरा किलोमीटर वाढले. चौदा हजारांत सतरा म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण हे सतरा किलोमीटर शोधण्यासाठी माणसांनी आयुष्यं घालवली आणि त्यांतल्या एकाची कबर आदिलाबादहून नागपूरला जाताना वाटेत लागते.

विल्यम लॅम्बटन हा इंग्रज अधिकारी १८०२ साली मद्रासच्या सेंट थॉमस टेकडीजवळ साखळी पसरून पहिली पायारेषा मोजायला लागला. त्या एका रेषेवर त्रिकोण, त्याच्या बाजूवर पुढचा त्रिकोण, असं जाळं विणत विणत त्याने अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट हे कोन मोजायचं यंत्र डोंगरमाथ्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवलं. रेखांश ७८ च्या जवळून, कन्याकुमारीकडून उत्तरेला जाणारी ही त्रिकोणांची माळ पुढे बीदरच्या परिसरातून, म्हणजे आदिलाबादच्या ऐंशी-नव्वद किलोमीटर पश्चिमेकडून वर गेली. लॅम्बटनला जमिनीचा नकाशा हवा होताच, पण त्याहून जास्त हवा होता पृथ्वीचा आकार. दक्षिणेतला एक अंश किती लांब आणि उत्तरेतला किती, हे मोजलं की पृथ्वी कुठे किती दबलीय ते कळतं. उत्तरेकडे जाताना अंशाची लांबी वाढत जाते: विषुववृत्ताशी ११०.५७ किलोमीटर, ध्रुवापाशी १११.६९. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ला लॅम्बटन हिंगणघाटला वारला आणि तिथेच त्याला पुरलं. त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट याने १८३० साली तोवरच्या मोजमापांवरून पृथ्वीच्या आकाराचे आकडे ठरवले आणि पुढे काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं. त्याची विषुववृत्तीय त्रिज्या आजच्या उपग्रहांच्या मोजणीहून एक किलोमीटरनेही चुकलेली नव्हती. साखळी, दुर्बीण आणि मलेरियाने पोखरलेली माणसं, एवढ्या भांडवलावर. शिखराला नाव मिळालं एव्हरेस्टचं. हिंगणघाटवरून रोज जाणाऱ्या हजारो लोकांना लॅम्बटन माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं आणि आश्चर्य मुळीच वाटत नाही.

अंतर ठरलं: १४,१०० किलोमीटर. वेळ किती?

मोठं प्रवासी विमान उंचीवर गेल्यावर तासाला नऊशेच्या आसपास किलोमीटर कापतं. चढण्या-उतरण्यात वेग कमी असतो, त्यापोटी अर्धा तास जादा धरायचा. इंटरनेटवरची अंतर सांगणारी गणकयंत्रं एवढंच करतात. आपल्या जोडीसाठी उत्तर येतं सोळा तास आणि वर थोडी मिनिटं. आजच्या विमानांना ही मजल झेपते. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे जगातलं सर्वांत लांब नियमित उड्डाण १५,३४९ किलोमीटरचं आहे. पण वरच्या नियमाने त्याला साडेसतरा तास लागायला हवेत. वेळापत्रकात जवळजवळ एकोणीस लिहिलेले असतात. हा दीड तास कुठून येतो?

काही भाग जमिनीवरचा. विमान कंपनीची वेळ चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून ते दुसऱ्या टोकाला पुन्हा लावेपर्यंत मोजली जाते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, उतरल्यावर दारापर्यंत जाणं, हे सगळं त्यात येतं. शिवाय कंपन्या थोडी मिनिटं हातची राखून ठेवतात, म्हणजे उशिरा सुटूनही वेळेवर पोचल्याचं सांगता येतं.

मोठा वाटा वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्यांचे पट्टे असतात. हिवाळ्यात असा एक पट्टा उत्तर भारतावर येऊन बसतो आणि त्याचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरपर्यंत सहज जातो. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत ठरतो, जमिनीच्या नाही. त्यामुळे मुंबई ते लंडन हे ७,२०० किलोमीटर जाताना साडेनऊ-दहा तास लागतात आणि येताना तासाभराने कमी. लोक मात्र याचं श्रेय पृथ्वीच्या फिरण्याला देतात. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली ती आपोआप सरकत यायला नको का, असं विचारणारे चांगले शिकलेले लोक भेटतात. तसं असतं तर आदिलाबादच्या पटांगणावर उडी मारणारं पोर खाली येईपर्यंत जमीन पाचशे-सहाशे फूट पुढे सरकली असती. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि पोरही.

ध्रुवावरून जाणाऱ्या वाटेला वारा बहुतेक आडवा लागतो, म्हणून जाण्यायेण्याच्या वेळेत फारसा फरक पडू नये. तरीही आदिलाबाद ते लबक ही रेघ कुठलंच प्रवासी विमान जशीच्या तशी उडणार नाही. अडचण ध्रुवाच्या बरीच आधी, तिबेटवर येते.

विमानातली हवेची दाबव्यवस्था बिघडली तर वैमानिकाला लगेच तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावं लागतं, कारण तिथे माणूस मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो. प्रवाशांच्या डोक्यावरून पडणाऱ्या मास्कमधला प्राणवायू बहुतेक विमानांत पंधरा-वीस मिनिटंच पुरतो. तिबेटचं पठार स्वतःच साडेचार किलोमीटर उंच. खाली यायचं तर जमिनीत घुसावं लागेल. म्हणून भारतातून उत्तरेला जाणारी विमानं पठाराला वळसा घालतात. वळसा पश्चिमेकडून घालायचा तर वाटेत पाकिस्तान. २०१९च्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद ठेवलं होतं आणि २०२५च्या एप्रिलपासून पुन्हा तेच झालं. दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना तेव्हापासून अरबी समुद्रावरून फिरून जावं लागतं. १८३०च्या आकड्यांत न बसणारं हे अंतर.

त्याही पुढे रशिया. २०२२च्या युद्धानंतर अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे, भारतीयांना उघडं. ध्रुवाजवळची थंडी ही आणखी निराळी बाब. विमानाचं इंधन साधारण उणे ४७ अंशांना गोठू लागतं, काही ठिकाणी मिळणारं उणे ४०लाच, त्यामुळे टाकीतल्या तापमानावर सतत डोळा ठेवावा लागतो. ८२ अक्षांशाच्या वर विषुववृत्तावरचे संदेश-उपग्रह क्षितिजाखाली जातात आणि जुन्या पद्धतीच्या रेडिओवर बोलावं लागतं. होकायंत्र तिथे भरकटतं, कारण चुंबकीय ध्रुव आणि खरा ध्रुव वेगळे. ध्रुवीय वाटा नियमित प्रवासी विमानांना खुल्या झाल्या त्या एकविसावं शतक उजाडताना, शीतयुद्ध संपून रशियाने परवानगी दिल्यावर.

एवढं असूनही आपल्याकडची विमानं त्या वाटेच्या जवळ गेली आहेत. जानेवारी २०२१मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सगळ्या महिला सहकाऱ्यांनी एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून ध्रुवाच्या बाजूने बंगळूरला आणलं. सुमारे १४,००० किलोमीटर, सतरा तासांच्या आसपास. म्हणजे अंतर जवळजवळ आपल्या जोडीएवढंच. त्याच महिन्यात, १५ जानेवारीला, हैदराबाद ते शिकागो थेट विमान सुरू झालं. अंतर सुमारे १३,३०० किलोमीटर. तेलंगणातल्या अनेक घरांतली मुलं अमेरिकेत असल्याने त्या विमानाचं कौतुक झालं, पण ही सेवा पुढे बंद पडली. इतक्या लांबच्या उड्डाणात विमान निघताना वजनाचा मोठा भाग इंधनाचा असतो, आणि त्यातलं बरंचसं इंधन बाकीचं इंधन वाहून नेण्यातच जळतं. मध्ये थांबणारं विमान बहुधा स्वस्त पडतं.

मध्ये थांबायची ही युक्ती आखाती कंपन्यांनी शोधली असं समजलं जातं. आपल्या भागात ती पाऊणशे वर्षं जुनी आहे. ३० जानेवारी १९४९ला रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक डाकोटा विमान निघायचं आणि मध्यरात्रीनंतर चारही नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमायची. तिथे टपालाच्या पिशव्यांची आणि मूठभर प्रवाशांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. चार शहरं एकमेकांना थेट जोडायची तर सहा मार्ग लागले असते. नागपूरमुळे चारांत भागलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हे चाललं. मद्रासचं विमान नागपूरकडे सरळ जायचं तर त्याची वाट जुन्या, अखंड आदिलाबाद जिल्ह्याच्या पूर्व भागावरून जात होती. आसिफाबादकडच्या जंगलात मध्यरात्री वरून घरघर ऐकू येत असेल. खाली उतरणारं काही नव्हतं. निजामाच्या संस्थानाने १९४५मध्ये काढलेल्या डेक्कन एअरवेजची हैदराबाद–नागपूर–दिल्ली विमानंही याच जिल्ह्यावरून जात.

दोहा, दुबई, अबू धाबी हे आजचे सोनेगाव. फरक आकारमानाचा आणि पैशाचा. नागपूरहून दोह्याला थेट विमान आहे, तेव्हा आदिलाबादचा माणूस लबकला खरोखर निघालाच तर त्याची वाट अशी: पैनगंगेचा पूल ओलांडून पाटणबोरी, पांढरकवडा, वडकी, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी करत राष्ट्रीय महामार्ग ४४ने नागपूर, दोनशे किलोमीटर, चार तास. विमानतळावर तीन तास आधी हजर. नागपूर ते दोहा २,८४० किलोमीटर, समोरून वारा असला तर साडेचार तास. दोह्याला चार तास थांबा, तोही नशीब बरं असेल तर. दोहा ते डॅलस १२,७४५ किलोमीटर, सोळा तास. डॅलसला पासपोर्टची रांग, सामान घेणं, पुन्हा देणं आणि पुढच्या विमानाची वाट पाहणं मिळून चार तास. मग लबकपर्यंत साडेचारशे किलोमीटर, सव्वा तास. बेरीज जवळजवळ ३७ तास.

या ३७ तासांत माणूस हवेत होता पावणेबावीस तास. तेवढ्यात तो सोळा हजार किलोमीटर गेला, सरळ रेघेपेक्षा दोन हजार जास्त. उरलेले पंधरा तास जमिनीवर गेले आणि त्यात त्याने अंतर कापलं दोनशे किलोमीटर. विमानाचा वेग हवेत नऊशे. दारापासून दारापर्यंत हिशेब केला तर १४,१०० भागिले ३७, म्हणजे ताशी ३८१. विमान उद्या दुप्पट वेगाने उडू लागलं तरी हा माणूस फार तर दहा-अकरा तास वाचवेल. पंधरा तास तसेच राहतील.

तिकिटावरच्या वेळा वाचताना होणारा घोळही याच प्रवासात दिसतो. समजा तो १ जानेवारीला संध्याकाळी सहाला घरून निघाला. ३७ तासांनी आदिलाबादेत ३ तारखेचे सकाळचे सात वाजलेले असतील. लबकच्या घड्याळात मात्र २ तारखेचे संध्याकाळचे साडेसात. दोन्ही घड्याळांची सरळ वजाबाकी केली तर प्रवास साडेपंचवीस तासांचा वाटतो, आणि मुलगा लवकर पोचला म्हणून घरचे खूश होतात. परतीला उलट. पूर्वेकडचा वारा-मदतीचा प्रवास दीडेक तासाने कमी असूनही कॅलेंडरचे दोन दिवस खातो.

या घड्याळांत आणखी एक गंमत दडलेली आहे. दोन्ही गावं बरोबर समोरासमोरच्या रेखांशांवर, म्हणजे आदिलाबादला सूर्य माथ्यावर असेल तेव्हा लबकला खरी मध्यरात्र. सूर्याच्या हिशेबाने फरक पुरा बारा तासांचा. घड्याळं साडेअकरा तासांचाच सांगतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ रेखांशावरची, त्यामुळे आदिलाबादचं घड्याळ तिथल्या सूर्याच्या १६ मिनिटं पुढे असतं. लबकची प्रमाणवेळ ९० पश्चिम रेखांशावरची आहे. तिथलं घड्याळ सूर्याच्या ४७ मिनिटं पुढे. सत्तेचाळिसातून सोळा गेले, उरले एकतीस. अर्धा तास इथेच मुरला. उन्हाळ्यात टेक्सासवाले घड्याळ आणखी एक तास पुढे करतात तेव्हा फरक साडेदहावर येतो.

लबकला जाणारे आदिलाबादकर थोडे. खरी गर्दी आखाताकडे जाणाऱ्यांची. उत्तर तेलंगणातल्या गावागावांतून माणसं दुबई, शारजा, मस्कतला कामाला जातात आणि त्यांचं गणित आणखी वाकडं आहे. मुंबईहून विमान धरायचं तर आधी रेल्वे. आदिलाबाद हे स्थानक आजही नांदेड विभागात येतं. मुदखेडहून येणारा मार्ग २००८मध्ये रुंद झाला. नंदिग्राम एक्स्प्रेसने नांदेड, परभणी, मनमाड करत मुंबई गाठायला पंधरा तासांहून जास्त लागतात. सरळ रेघेत मुंबई सहाशे किलोमीटरवर आहे. मुंबई ते दुबई हे तिच्या तिप्पट अंतर विमान तीन तासांत उरकतं. हैदराबादहून जायचं तर निर्मलचा घाट उतरून शमशाबादच्या विमानतळापर्यंत सव्वातीनशे किलोमीटरचा रस्ता, सहा-सात तास.

म्हणूनच आदिलाबादच्या विमानतळाचा विषय निवडणुकीपुरता उगवत असला तरी तो खोटा नाही. गावाला निजामाच्या काळातली धावपट्टीची जागा आहे, एरोड्रमचं मैदान म्हणून सगळे ओळखतात. जमीन हवाई दलाकडे. कित्येक वर्षं तिथे माणसं सकाळी फिरायला आणि पोरं गाडी शिकायला जात राहिली. २०२५च्या एप्रिलमध्ये हवाई दलाने तिथे नागरी वाहतुकीलाही संमती दिली, तेव्हापासून आशा पुन्हा वर आली आहे.

तिथून हैदराबादला सत्तर आसनांचं पंख्याचं विमान निघालं तर २७० किलोमीटरला पाऊण-एक तास लागेल. कागदावर सहा तासांचा एक तास झाला. पण तासभर आधी विमानतळावर पोचायचं आणि शमशाबादला सामानाची वाट पाहायची, म्हणजे खरी बचत तीन तासांची. तीही जोडणी जुळली तर. शेजारच्या नांदेडचा अनुभव समोर आहे. २७ एप्रिल २०१७ला ‘उडान’ योजनेची पहिली विमानं सुटली, त्यांत नांदेड–हैदराबाद होतं. ती चालवणारी कंपनी पुढे बंद पडली, नांदेडची विमानं थांबली आणि २०२४मध्ये दुसऱ्या कंपनीने पुन्हा सुरू केली. मधल्या काळात नांदेडची धावपट्टी तिथेच होती आणि हैदराबादही तेवढ्याच अंतरावर होतं.

आदिलाबादच्या बाबतीत म्हणून धावपट्टीच्या लांबीइतकाच दिव्यांचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. शमशाबादहून आखाताकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर आणि पहाटे सुटतात. रात्री उतरण्याची सोय नसलेल्या छोट्या विमानतळावरून विमान फक्त उजेडात उडतं. दुपारी दोनला आदिलाबादहून निघालेला माणूस तीनला शमशाबादला पोचेल आणि पहाटे चारच्या विमानासाठी तेरा तास बाकावर बसेल. त्यापेक्षा तो संध्याकाळी लवकर घरी जेवून बसने निघणंच पसंत करेल. संध्याकाळी सातनंतर एक विमान जाणार असेल, तर बोलण्यात अर्थ आहे.